लहान कुत्र्याचे यकृत आणि आतडे दोन्ही बिघडले असता आहार कसा सांभाळावा

पॉमेरेनियन, शिह त्झू, पग किंवा यॉर्कशायर टेरियर अशा चार-सहा किलो वजनाच्या कुत्र्याला यकृताचा विकार आणि जुनाट जुलाब एकदमच जडले, की बहुतेक घरांत पहिला निर्णय ठरलेला असतो: मांस बंद आणि दूध-पोळी सुरू. या निर्णयाने सहसा नुकसानच होते. आजारी यकृताला स्वतःची झीज भरून काढण्यासाठी प्रथिने लागतात आणि ती तोडली तर शरीर स्नायू वापरू लागते. प्रथिने पचताना अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो आणि निरोगी यकृत तो निकामी करते; यकृत थकले असता रक्तातील या अमोनियाचा काही भार हेच स्नायू उचलतात, त्यामुळे स्नायू गमावणे कुत्र्याला दुहेरी महागात पडते. प्रथिने मोजून कमी करण्याची वेळ येते ती अमोनियाचा परिणाम मेंदूवर दिसू लागल्यावर. जेवणानंतर गुंगी येणे, घरात दिशाहीन फिरत राहणे, भिंतीला डोके टेकवून उभे राहणे, लाळ गळणे आणि झटके येणे ही त्याची लक्षणे आहेत. ती नसतील तर प्रथिने पुरेशी ठेवून त्यांचा प्रकार निवडावा.

आहाराला हात लावण्यापूर्वी नेमके काय बिघडले आहे हे ठरवून घ्यावे. रक्ततपासणीत अल्ब्युमिन (यकृतात बनणारे रक्तातले मुख्य प्रथिन) कमी आले, तर त्याची दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात. एकात यकृत ते पुरेसे बनवत नाही, दुसऱ्यात बनलेले अल्ब्युमिन आतड्यातून गळून जाते. आतड्यातून गळती असेल तर बहुधा ग्लोब्युलिन हे रक्तातले दुसरे प्रथिनही खाली येते, यकृताच्या विकारात ते सहसा टिकून असते. हा फरक आहारासाठी निर्णायक आहे, कारण गळतीच्या विकारात, विशेषतः यॉर्कशायर टेरियरमध्ये, स्निग्ध पदार्थ अगदी कमी आणि प्रथिने भरपूर द्यावी लागतात, तर अमोनिया वाढलेल्या कुत्र्यात प्रथिनांवरच लगाम घालावा लागतो. लहान जातींत जन्मजात रक्तवाहिनीचा दोषही आढळतो, ज्यात आतड्यातले रक्त यकृताला टाळून थेट शरीरात जाते. तिथे शस्त्रक्रियेचाही विचार होतो. म्हणून सेमिनरी हिल्सवरील नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा आपल्या नेहमीच्या पशुवैद्यकांकडे गेल्यावर केवळ ‘लिव्हर वाढलंय’ एवढ्यावर परत न येता अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन, पित्ताम्ल (पित्तातली आम्ले, ज्यांच्या रक्तातल्या पातळीवरून यकृताचे काम कळते) आणि सोनोग्राफी यांचे अहवाल मागून घ्यावेत. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या लघवीतून पसरणारा जिवाणूंचा आजार) आणि गोचिडांमुळे होणारे रक्ताचे आजार यांचाही यकृतावर परिणाम होतो. त्यांवर औषधच लागते, पथ्याने ते बरे होत नाहीत.

खरी अडचण पुढे येते. बिघडलेल्या आतड्याला किंवा स्वादुपिंडाला कमी स्निग्ध, सहज पचणारे अन्न हवे असते. यकृताच्या विकारासाठी बनवलेल्या तयार खाद्यांत मात्र तांबे कमी आणि जस्त जास्त असले, तरी स्निग्धांश अनेकदा बऱ्यापैकी असतो, कारण भूक मंदावलेल्या कुत्र्याला थोड्या घासांत जास्त ऊर्जा मिळावी असा त्यामागचा विचार असतो. ज्या कुत्र्याचे स्वादुपिंड पूर्वी सुजले आहे त्याला हेच खाद्य बाधू शकते. माझ्या मते अशा वेळी आतड्याला प्राधान्य द्यावे. जे अन्न पोटात टिकत नाही, त्याचा यकृताला काहीच उपयोग नसतो. उलटी-जुलाब थांबले, वजन स्थिर झाले, की मग यकृताच्या गरजांकडे एकेक पाऊल टाकावे. पिशवीवरील ‘हेपॅटिक’ किंवा ‘गॅस्ट्रो’ हा शब्द पाहून खाद्य उचलू नये. प्रथिने आणि स्निग्धांश यांचे आकडे डॉक्टरांना दाखवूनच ते विकत घ्यावे.

प्रमाणाचा हिशोब फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर होतो. कुत्र्याचे किलोतील वजन तीनदा घेऊन एकमेकांशी गुणावे (5 किलोसाठी 5 × 5 × 5), आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे, त्याचे पुन्हा वर्गमूळ काढावे आणि उत्तराला 70 ने गुणावे. 5 किलोच्या कुत्र्यासाठी हा आकडा 234 कॅलरी येतो. ही नुसत्या विश्रांतीची गरज झाली. घरात थोडेफार फिरणाऱ्या कुत्र्यासाठी त्याची साधारण 1.3 पट, म्हणजे दिवसाला 300 कॅलरी धरून सुरुवात करावी आणि पुढे वजन पाहून बदल करावा. आता ग्लुकोजच्या एका बिस्किटात साधारण 20 ते 25 कॅलरी असतात. सकाळच्या चहाबरोबर आजोबांनी दोन दिली आणि शाळेतून आल्यावर नातवाने दोन, म्हणजे दिवसाचा जवळपास तिसरा हिस्सा मैदा आणि साखरेतच संपला. पथ्य मोडते ते बहुतेक इथेच, म्हणून दिवसाचे सगळे अन्न सकाळीच मोजून एका डब्यात काढावे आणि घरातल्या कोणीही त्या डब्याबाहेरचे काही देऊ नये.

अमोनियाची लक्षणे नसलेल्या 5 किलोच्या कुत्र्यासाठी दिवसाचे ताट असे मांडता येते: मऊ शिजवलेला भात 130 ग्रॅम, कातडी काढून उकडलेली कोंबडीची छाती 60 ग्रॅम, उकडून कुस्करलेला लाल भोपळा 30 ग्रॅम आणि अर्धा चमचा तेल. यातून सुमारे 295 कॅलरी आणि 20 ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात. आतड्याला तेल सोसत नसेल तर ते डॉक्टरांना विचारून वगळावे. भात घरातल्यासारखा मोकळा नको, बोटाने दाबला तर विरघळावा इतका शिजवावा. मेंदूवर परिणाम दिसत असेल तर लाल मांसाऐवजी अंड्याचा पांढरा बलक किंवा घरचे पनीर अधिक मानवते. पनीरासाठी साय काढलेले दूध लिंबू पिळून फाडावे, चोथा पाण्याखाली दोनदा धुऊन घट्ट पिळावा, म्हणजे जुलाब वाढवणारी दुधातली साखर बरीचशी निघून जाते. बाजारातले पनीर या कामाचे नाही, त्यात स्निग्धांश फार असतो.

हे ताट दोन-तीन आठवड्यांपुरतेच आहे. त्यात कॅल्शियम नगण्य असते, जस्त आणि ड व ई जीवनसत्त्वेही पुरेशी नसतात. घरचाच आहार कायम ठेवायचा असेल तर पूरक द्रव्यांची मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत, कारण त्यांत अनेकदा ड जीवनसत्त्वही मिसळलेले असते. जुनाट जुलाबात बी-12 जीवनसत्त्व कमी पडते, त्यामुळे तेही तपासून घ्यावे.

वेळेकडे प्रमाणाइतकेच लक्ष हवे. थकलेले यकृत साखरेचा साठा धरून ठेवू शकत नाही आणि लहान कुत्र्याचा साठा मुळातच तोकडा असतो, म्हणून डब्यातले अन्न दिवसातून चार ते सहा वेळा विभागून द्यावे आणि शेवटचा घास झोपण्यापूर्वी द्यावा. जुलाब लागले की दिवसभर उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत या कुत्र्यांना घातक ठरू शकते. एका दिवसात त्याने काहीच खाल्ले नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास जातो. त्या दिवसांत उरलेला भात-कोंबडी तासभरही बाहेर ठेवू नये. डबा फ्रीजमध्ये ठेवून प्रत्येक वेळचा वाटा कोमट करून द्यावा आणि न खाल्लेला उरलेला भाग टाकून द्यावा. पाण्याची भांडी दोन ठेवावीत, एक कूलरजवळ असावे. जुलाबातून पाणी आणि पोटॅशियम दोन्ही जातात आणि पोटॅशियम घटले की अमोनियाचा त्रास वाढतो.

आपल्या स्वयंपाकघरातले धोके ठरलेले आहेत. तर्री, सावजी रस्सा किंवा पाटवडीच्या रश्शात बुडवलेली पोळी देऊ नये. तिखट आणि तेल तर आहेच, पण कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. द्राक्षे आणि मनुका मूत्रपिंडाला बाधतात. बुरशी आलेले शेंगदाणे किंवा मका यांतले विष थेट यकृतावर उतरते, त्यामुळे ओलसर पोत्यातले दाणे जनावराला घालण्याची सवय सोडावी. चिकनच्या दुकानातून स्वस्तात मिळणारी पोटा-कलेजी ‘लिव्हरसाठी लिव्हर’ म्हणून आणली जाते; बोकडाच्या कलेजीत तांबे फार असते आणि यकृतात तांबे साठणाऱ्या कुत्र्याला ती चालत नाही. कोंबडीच्या कलेजीत ते बरेच कमी असले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तीही टाळावी. काविळीवरचा भुईआवळा किंवा इतर झाडपाल्याची औषधे माणसाला लागू पडली म्हणून कुत्र्याला देऊ नयेत. तापासाठी पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन तर अजिबातच नको.

बद्धकोष्ठ झाले तर मळ आतड्यात जास्त वेळ राहतो आणि जिवाणू अमोनिया अधिक तयार करतात. डॉक्टरांनी लॅक्टुलोज (शी मऊ करून अमोनिया कमी करणारे औषध) दिले असेल तर दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शी व्हावी इतपत त्याची मात्रा जुळवतात. पाण्यासारखी झाली तर ती मात्रा जास्त होत आहे असे समजून डॉक्टरांना फोन करावा. इसबगोलची चिमूटभर भुकटी ओल्या भातात मिसळता येते, मात्र सोबत पाणी भरपूर हवे.

नवे अन्न आणताना सात ते दहा दिवसांत जुन्याची जागा हळूहळू घ्यावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. खाद्य, तेल आणि औषध एकाच आठवड्यात बदलले, तर कशाने फरक पडला हे कोणालाच सांगता येत नाही. वहीत रोज शीचा पोत व वेळा, उलटी, खाल्लेला वाटा आणि जेवणानंतरचे वागणे लिहावे. वजन आठवड्यातून एकदा बाळाच्या काट्यावर घ्यावे, कारण 5 किलोच्या कुत्र्यात 250 ग्रॅमची घट म्हणजे वजनाचा विसावा भाग गेला, आणि माणसाच्या काट्यावर ती सहज निसटते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटे फिरवून स्नायू चाचपावेत. पोटात पाणी साठले असेल तर वजन वाढलेले दिसते आणि पाठ मात्र सुकत जाते. पोट असे फुगत असेल तर मीठ बंद करून लगेच तपासणी करून घ्यावी. डोळ्यांचा पांढरा भाग किंवा हिरड्या पिवळ्या पडल्या, शी डांबरासारखी काळी झाली किंवा झटका आला, तर रात्र असली तरी थांबू नये. काळी शी म्हणजे वरच्या आतड्यात किंवा जठरात रक्तस्राव, आणि तेच रक्त पचताना प्रथिनांच्या मोठ्या घासासारखे अमोनिया वाढवते.

पुढच्या तपासणीला जाताना वही, खाद्याच्या पिशवीचा फोटो आणि चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे सोबत न्यावीत. स्टेरॉइड किंवा झटक्यांवरील फेनोबार्बिटोन चालू असेल तर यकृताची काही विकरे (एन्झाइम) त्या औषधामुळेच वाढलेली दिसू शकतात. पित्ताम्लाची तपासणी असेल तर एक नमुना उपाशीपोटी आणि दुसरा जेवण दिल्यावर दोन तासांनी घेतात, म्हणून कुत्र्याला किती वेळ उपाशी ठेवणे सुरक्षित आहे हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे आणि मोजलेला डबा सोबत न्यावा.