देवमाशांची गणती: आधी कोन बघा, मग मॉडेल

या क्षेत्रात नवीन आलेले बहुतेक जण आधी मॉडेल शिकतात आणि मग डेटा उघडतात. क्रम उलटा ठेवा. बोटीवर कोन कसा मोजला गेला हे ठाऊक नसेल, तर डिटेक्शन फंक्शन (अंतर वाढेल तशी प्राणी दिसण्याची शक्यता किती घटते याचा वक्र) बसवता येतं, पण ते चुकलंय हे कळत नाही.

लाइन ट्रान्सेक्ट नावाच्या पद्धतीत बोट आखलेल्या रेषेवरून जाते. प्राणी दिसला की दुर्बिणीतल्या रेटिकलवरून (भिंगावरच्या मापरेषांवरून) अंतर आणि अँगल बोर्डवरून (कोन मोजायच्या तबकडीवरून) रेषेशी होणारा कोन नोंदवतात. अंतर गुणिले कोनाची साइन म्हणजे रेषेपासूनचं लंब अंतर. १५०० मीटरवर, ४ अंशांत दिसलेला प्राणी रेषेपासून सुमारे १०५ मीटर दूर असतो. निरीक्षकाने ४ ऐवजी ० लिहिलं की तो थेट रेषेवर येऊन बसतो. असे शून्य साचले की अंतरांच्या हिस्टोग्रामला रेषेपाशी सुळका येतो, हॅझर्ड-रेट मॉडेल (डिटेक्शन फंक्शनचा एक प्रकार) त्याच्यामागे धावतं, प्रभावी पट्टा (रेषेच्या बाजूची प्रत्यक्षात तपासली गेली असं धरलेली रुंदी) आक्रसतो आणि संख्या फुगते. मॉडेल निवडायच्या एआयसी या निकषावर विसंबू नका, तो सुळक्यालाच पसंती देतो. बोटीच्या लाटेवर खेळायला येणारे डॉल्फिनही हाच घोटाळा करतात, म्हणून प्राणी बोटीकडे वळण्याआधीच टिपायला हवा.

डिटेक्शन फंक्शनसाठी किमान ६० ते ८० नोंदी लागतात. सर्वांत दूरच्या ५ ते १० टक्के सहसा कापतात. पण अनिश्चितता बरेचदा नोंदींच्या संख्येपेक्षा रेषांमधल्या फरकातून येते. चार लांब रेषांपेक्षा वीस आखूड रेषा बऱ्या.

मग जी-शून्य: नेमक्या रेषेवरचा प्राणी दिसण्याची शक्यता. ती १ धरली तर तासभर बुडी मारणारा क्युव्हियरचा चोचवाला देवमासा जवळजवळ गायबच होतो. बुडीमुळे हुकलेल्या प्राण्यांची दुरुस्ती टॅगच्या (प्राण्यावर लावलेल्या, बुड्या नोंदवणाऱ्या यंत्राच्या) डेटावरून होते आणि नजरेतून सुटलेल्यांची दोन स्वतंत्र निरीक्षक ठेवून. दोन्ही चुका वेगळ्या आहेत, एकाचा उपाय दुसरीला लावू नका.

हे सगळं कशासाठी, ते अमेरिकी कायद्यातल्या पीबीआरमध्ये दिसतं. माणसामुळे वर्षाला जास्तीत जास्त किती मृत्यू चालतील, याची ती मर्यादा. सूत्र असं: किमान संख्या × कमाल वाढदराचा निम्मा × सुधार गुणांक (प्रजाती किती धोक्यात आहे त्यानुसार ठरणारा). देवमासे-डॉल्फिनसाठी वाढदर माहीत नसेल तर ०.०४ धरतात, सीलसाठी ०.१२. किमान संख्या म्हणजे अंदाजाचा २०वा शतमक. समजा अंदाज १००० आणि गुणांक ०.५. सीव्ही (अंदाजातली सापेक्ष अनिश्चितता) ०.२ असेल तर किमान संख्या सुमारे ८४६, मर्यादा ८.५. सीव्ही ०.५ झाला तर ६७२ आणि ६.७. प्राणी तेवढेच, पण ढिसाळ सर्वेक्षणाची किंमत मासेमारीच्या मर्यादेत मोजावी लागते. म्हणून अहवालात नुसता आकडा पाठवला की परत येतो, सीव्ही सोबत हवाच.

तयारी म्हणाल तर संख्याशास्त्र पक्कं आणि आर ही संगणकीय भाषा हाताशी. शिवाय एक तरी मोसम बोटीवर, ब्यूफर्ट ४ च्या (वाऱ्याच्या मापश्रेणीतल्या चौथ्या पायरीच्या) लाटांत पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनसारखा छोटा प्राणी, शोधत. डोळे लाल होईपर्यंत ताणले तरी ते सापडत नाहीत, आणि समुद्राची स्थिती मॉडेलमध्ये सहचल (दिसण्यावर परिणाम करणारा घटक) म्हणून का घालतात हे तेव्हाच उमगतं.