यष्टीत वांती होते काय, हे आधी विचारा

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या दवाखान्यात मी भूल देतो. ऑपरेशननंतर वांती होईल काय, हे ताडायला पहिला प्रश्न ठरलेला: "काकू, यष्टीत मळमळते काय? मागच्या ऑपरेशननंतर वांत्या झाल्या होत्या?" एकालाही हो म्हटलं की धोक्याचा एक गुण. बाई असणं, बिडी-सिगारेट न ओढणं, नंतर दुखणं थांबवायला मॉर्फिनसारखं औषध लागणं, हे आणखी तीन. (खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाणं म्हणजे ओढणं नव्हे, फसू नका.) चारही जुळले तर वांतीची शक्यता 80 टक्क्यांच्या आसपास.

मग वांती रोखायला एका इंजेक्शनवर भागवू नका. भूल लागल्यावर डेक्सामेथासोन. जागेपणी दिलं तर जांघेत, गुप्तांगाजवळ जळजळ होते. ऑपरेशन संपत आलं की ऑन्डान्सेट्रॉन 4 मिलिग्रॅम. जमेल तिथे पाठीतून भूल, नाहीतर भुलीच्या वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध. तरी वांती झालीच, तर सहा तासांच्या आत तेच औषध पुन्हा न टोचता दुसऱ्या गटातलं द्या.