अल्गोरिदमवर रिसर्च करायचाय? आधी पंचगंगेची पातळी लिहून काढ

जानेवारी उजाडला की ज्युनियर पोरांचे मेसेज सुरू, दादा अल्गोरिदममध्ये रिसर्च इंटर्नशिप कुठं मिळंल. भावा, नुसतं कॉम्प्युटर डिपार्टमेंटचं दार वाजवू नकोस. सिव्हिलवाला पुराचं मॉडेल करतोय, मेकॅनिकलवाला शिरोलीच्या फाउंड्रीतलं कास्टिंग कुठनं कसं थंड होतंय ते गणितात बसवतोय, फिजिक्सवाला सिग्नलमधला कचरा गाळतोय, सगळ्यांच्या पोटात अल्गोरिदमच. शिवाजी विद्यापीठात स्टॅटिस्टिक्स आणि फिजिक्सच्या सरांनापण जाऊन भेट, तिकडं गर्दी कमी असते (हे कुणाला सांगू नको).

पण हात हलवत जायचं नाही. एक छोटा प्रॉब्लेम स्वतः करून न्यायचा. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी घे, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालापण पाठ असतंय. रोजची पातळी, पाऊस, राधानगरी धरणाचा विसर्ग, जेवढं मिळंल तेवढं एका एक्सेलमध्ये तारखेनुसार टाक. मग सगळ्यात येडा अंदाज आधी कर, की उद्याची पातळी आजच्याएवढीच. हसू नको, तुझं मॉडेल ह्याला हरवत नसंल तर ते कुणाला दाखवायचंच नाही.

इथं मी स्वतः तोंडावर आपटलोय. सगळे दिवस शफल केले (पत्त्यांसारखे पिसले), ऐंशी टक्क्यांवर मॉडेल शिकवलं, वीसवर तपासलं, रिझल्ट एवढा भारी की हॉस्टेलवर मिसळ पार्टी झाली. सरांनी प्लॉट बघून एकच विचारलं, "पाच तारखेची पातळी सांगायच्या आधी ह्यानं सहा तारीख बघितलीय न्हवं?" गप्प बसलो. तेव्हापासनं डेटा तारखेनंच तोडतो, २०१९ चा पूर अख्खा तपासायला बाजूला, शिकवायचं फक्त त्याच्या आधीच्या वर्षांवर. आकडे खाली आले पण खरे आले.

आता मेल. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम पॅशनेट" हे शंभर जणांना कॉपीपेस्ट करू नको, ते वाचत न्हाईत. सरांचा एक पेपर वाच, निदान मेथडचा भाग तरी, आणि पाच-सहा ओळीत लिही की मी हे केलं, इथं अडकलो, तुमच्या पद्धतीनं हे सुटंल का. एक प्लॉट, गिटहबची (जिथं कोड ठेवतात) लिंक, बास. आठवड्यानं एकदा आठवण कर, मग पुढच्या सरांकडं.

बाहेर जायचं असंल तर तीन विज्ञान अकादमींची समर फेलोशिप, मुंबईच्या टीआयएफआर ह्या मूलभूत संशोधन संस्थेचं व्हीएसआरपी (उन्हाळ्यातला विद्यार्थ्यांचा रिसर्च प्रोग्रॅम), पुण्यात आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेचा व्हेकेशन प्रोग्रॅम बघ. आयआयटी मुंबईच्या फॉसीत (मोफत, खुल्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प) टास्क करून दाखवायला लागतंय, आपल्यासारख्यांना ते बरं. समरचे फॉर्म उन्हाळ्याच्या बरेच महिने आधी निघतात आणि शिफारसपत्र लागतंय, म्हणून दिवाळीतच सरांना सांगून ठेव. शेवटच्या रात्री फोन केला तर कुठलेबी सर चिडणारच की.