फॅक्टरीत मेंटेनन्स अप्रेंटिस म्हणून लागताय? पहिल्या काही महिन्यांत या चुका टाळा

दरवर्षी आयटीआयचा निकाल लागला की थोड्या दिवसांनी ठाणे-नवी मुंबईच्या ट्रान्स हार्बर लोकलच्या सकाळच्या गाड्यांमध्ये नवेकोरे सेफ्टी शूज घातलेली पोरं-पोरी दिसायला लागतात. कोणी रबाळेला उतरतं, कोणी घणसोलीला, कोणी तुर्भ्याला, काही जण ठाण्यातच वागळे इस्टेटला लागतात. फिटर, इलेक्ट्रिशियन, एमएमटीएम (मशीन टूल मेंटेनन्स मेकॅनिक), इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, ट्रेड वेगवेगळे, पण मेंटेनन्सला आल्यावर चुका मात्र त्याच त्याच होतात. मी या पट्ट्यात बरीच वर्षं मेंटेनन्सलाच आहे, आणि यातल्या निम्म्या चुका तरी पहिल्याच आठवड्यात कोणी नीट बसवून सांगितलं असतं तर झाल्या नसत्या असं मला मनापासून वाटतं. म्हणून लिहितोय. थोडं लांब होईल पण वाचा.

कागद न बघता जॉइन होणं

गेटवर कॉन्ट्रॅक्टरचा माणूस सांगतो "अप्रेंटिस म्हणून घेतोय" आणि आपण खूश होऊन दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर. थांबा जरा. अप्रेंटिसशिप ही १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली असते, त्यासाठी सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर तुमचं रजिस्ट्रेशन आणि कंपनीबरोबरचं तुमचं कॉन्ट्रॅक्ट दिसायला हवं, त्यात तुमचा ट्रेड बरोबर लिहिलेला हवा आणि किती महिने ते पण. ते नसेल तर तुम्ही फक्त स्वस्तातले हेल्पर आहात, वर्षभर राबून शेवटी ट्रेड टेस्टला बसता येणार नाही आणि राष्ट्रीय सर्टिफिकेटही मिळणार नाही.

स्टायपेंडचं पण बघून घ्या. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्यांना महिन्याला कमीत कमी ७००० आणि डिप्लोमावाल्यांना ८००० ठरले होते, आत्ताचा आकडा पोर्टलवर बघायचा आणि कॉन्ट्रॅक्टशी ताडून घ्यायचा. कंपनी सरकारच्या नॅप्स (शिकाऊ उमेदवारीला प्रोत्साहन देणाऱ्या) योजनेत असेल तर स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त १५००, सरकार थेट तुमच्या खात्यात टाकतं. इथे खूप पोरं अडकतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिलीय म्हणजे झालं असं वाटतं, पण डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, खातं आधारशी सीड झालेलं (जोडलेलं) लागतं, ते वेगळं काम आहे. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग करून द्या" असंच सांगायचं, आणि आधार, पासबुक, आयटीआय मार्कशीट तिन्हीवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते जॉइन व्हायच्या आधी बघायचं.

मशीन बंद दिसतंय म्हणजे लाइन (करंट) गेलीय असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक, त्यामुळे यावर जरा जास्त बोलतो. इमर्जन्सी स्टॉप दाबला, स्क्रीन काळी झाली, मोटर थांबली, की नवीन पोरगा हात घालतो. अरे इमर्जन्सी दाबल्याने बहुतेक मशीनवर फक्त कंट्रोल सर्किट तुटतं, पॅनेलच्या इनकमरला (जिथे मेन सप्लाय येतो तिथे) ४१५ व्होल्ट तसेच उभे असतात. कोणीतरी बटण फिरवून सोडलं आणि स्टार्ट दाबलं की झालं.

बरोबर पद्धत म्हणजे ऑपरेटरला सांगायचं, मेन आयसोलेटर (मशीनचा मुख्य स्विच) ऑफ करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, टॅग लावायचा, किल्ली स्वतःच्या खिशात. सुपरवायझरच्या खिशात नाही, ड्रॉवरमध्ये नाही. दोघं काम करत असाल तर दोघांची दोन कुलपं. मग स्टार्ट बटण दाबून बघायचं, मशीन हललं तर चुकीचा आयसोलेटर पाडलाय. त्यानंतर मीटर घ्यायचा, आधी जिथे लाइन नक्की आहे तिथे लावून मीटर चालतोय का बघायचं, मग आपल्या सर्किटवर तिन्ही फेज एकमेकांत आणि प्रत्येक फेज अर्थला चेक करायचा, आणि मग पुन्हा चालू लाइनवर मीटर बघायचा. हे शेवटचं कोणीच करत नाही, पण मधेच मीटरची बॅटरी गेली किंवा लीड तुटली तर शून्य दिसतं आणि त्या शून्यावर विश्वास ठेवून हात घातला जातो. खिशातल्या निऑन टेस्टरवर तर अजिबात विसंबू नका, दिवा लागला नाही म्हणजे लाइन नाही असं होत नाही.

पॅनेलमध्ये ड्राइव्ह (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारं युनिट) असेल तर सप्लाय पाडल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज असतात. कितीवेळ थांबायचं ते ड्राइव्हवरच लिहिलेलं असतं, बऱ्याचदा ५ ते १५ मिनिटं, तेवढं थांबायचंच आणि मग डीसी बसचं (त्या कपॅसिटरवरचं) व्होल्टेज मोजायचं. आणि लाइट गेली म्हणजे जोर गेला असं पण नाही. एअर लाइनमध्ये प्रेशर असतं, हायड्रॉलिक पॉवर पॅकच्या, दाबाखाली तेल साठवणाऱ्या, अॅक्युम्युलेटरमध्ये असतं, वर उचललेला प्रेसचा रॅम स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. हवा सोडून द्या, गेज शून्यावर आलाय का बघा, रॅमखाली त्यासाठीचा सेफ्टी ब्लॉक लावा, मगच हात.

जुने काका कधीकधी म्हणतात, "अरे दोन मिनिटाचं काम, कुलूप कशाला लावतोस?" त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्याकडून तुम्हाला खूप शिकायचंय. एवढंच म्हणा, "काका, लावून येतो, तोपर्यंत तुम्ही पाने काढून ठेवा." आणि लावून या. याला कोणी नाही म्हणत नाही.

रिसेट मारला, चालू झालं, संपलं

कन्व्हेअर बंद पडतो, ऑपरेटर ओरडतो "ओव्हरलोड पडला, रिसेट मार ना भाऊ", आपण जातो, लाल बटण दाबतो, चालू होतं, हिरो झाल्यासारखं वाटतं. अर्ध्या तासाने परत. मग कोणीतरी शहाणा स्क्रू ड्रायव्हर घेऊन ओव्हरलोड रिलेचं (मोटर जास्त करंट खायला लागली की ती बंद पाडणाऱ्या भागाचं) सेटिंगच वर सरकवतो, ४.७ अॅम्पिअरचं ६ करतो. आता ट्रिप होत नाही, आणि काही दिवसांत मोटर जळते.

ओव्हरलोड रिले तक्रार करत नसतो, तो काहीतरी सांगत असतो, त्यामुळे आधी मोटरची नेमप्लेट वाचा आणि सेटिंग तिथल्या फुल लोड करंटएवढं आहे का बघा. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर कमी करंटवर सुरू करणारा) असेल आणि रिले वाइंडिंगच्या फेजमध्ये बसवलेला असेल तर तो नेमप्लेटच्या ०.५८ पट लागतो, इथे बरेच जण गोंधळतात. मग सिनियरला बरोबर घेऊन व्होल्टेज आणि क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट बघा. एका फेजला करंट नाही आणि बाकी दोन वर गेलेत, तर सिंगल फेजिंग, म्हणजे फ्यूज उडालाय, कॉन्टॅक्टरचा (मोटरचा सप्लाय जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा) एक कॉन्टॅक्ट जळलाय किंवा टर्मिनल सैल आहे. तिन्ही सारखेच जास्त असतील तर बहुतेक वेळा दोष मेकॅनिकल असतो, म्हणून कुलूप लावा, बेल्ट उतरवा, मोटर आणि रोलर वेगवेगळे हाताने फिरवून बघा, जिथे जड लागेल किंवा खरखर येईल तिथे तुमचं उत्तर. करंट तिन्ही बरोबर आणि तरी ट्रिप होतोय, तर मग रिलेवर किंवा पॅनेलच्या गरमीवर संशय घ्या, पॅनेलचा फॅन बंद आणि फिल्टर धुळीने भरलेला असणं हे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नेहमीचं.

अशी एक केस शेवटपर्यंत स्वतः शोधलीत तर ती विसरत नाही. म्हणून रिसेट मारायच्या आधी रिले, कॉन्टॅक्टर, मोटर बघा, वास घ्या, काय दिसलं ते वहीत लिहा.

तसंच गार्डच्या स्विचला जंपर मारून मशीन चालवायची सवय. प्रॉडक्शनवाले घाई करतात, पण तो स्विच कोणाचा तरी हात वाचवायला बसवलाय. अप्रेंटिसने बायपास करायचाच नाही, कोणी सांगितलं तरी, सरळ इंजिनीअरला फोन लावायचा.

मीटर आणि मेगर

मल्टिमीटरची लीड अॅम्पिअरच्या भोकात तशीच ठेवायची आणि नंतर व्होल्टेज मोजायला जायचं, ही चूक हमखास होते. अॅम्पिअरच्या जागेवर मीटर आतून जवळपास सरळ तारच असतो, म्हणजे तुम्ही दोन फेज शॉर्ट करताय. करंट मोजून झाला की लीड लगेच जागेवर लावायची, ती सवय हाताला लागली पाहिजे.

पावसाळ्यात मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये पाणी जातं, शेडचं पत्र्याचं छप्पर नेमकं पॅनेलवरच गळतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर मेगरचं, म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं, काम भरपूर. भिजलेली मोटर मेगर केल्याशिवाय चालू करायची नाही. ४१५ व्होल्टच्या मोटरला ५०० व्होल्टचा मेगर लावतात आणि १ मेगाओमच्या खाली आलं तर ती सुकवायलाच लागते. पण एक लक्षात ठेवा, ड्राइव्हची वायर मोटरवरून काढल्याशिवाय मेगर मारायचा नाही. वायर लागलेली असताना मारला तर मोटर राहते बाजूला, ड्राइव्ह जातो, आणि तो काही हजारात येत नाही.

पाने, बेअरिंग, बेल्ट

फिटरवाल्यांसाठी थोडक्यात. एम८ बोल्टला १३ चा पाना, एम१० ला १७ किंवा १६, एम१२ ला १९ किंवा १८. इंचाचा अर्धा पाना म्हणजे १२.७ एमएम, तो १३ वर बसतच नाही, आणि स्क्रू पाना लावून जोर केलात तर डोकं गोल होतं. शक्य तिथे रिंग पाना लावा.

बेअरिंगवर सरळ हातोडी मारू नका. शाफ्टवर बसवताना जोर आतल्या रिंगवर द्यायचा, बाहेरच्या रिंगवर मारलं की आतल्या बॉल्सच्या खुणा रेसवर उमटतात आणि नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. नंबर पूर्ण वाचा, ६२०५ मधले शेवटचे दोन आकडे गुणिले ५ म्हणजे २५ एमएम बोअर, इथवर सगळ्यांना माहीत असतं, पण पुढे सी३ (आत जास्त मोकळीक) लिहिलं असेल तर ते साधं बेअरिंग नाही, स्टोअरमधून दुसरं काही दिलं तर परत करा. ग्रीस पण जास्त झालं की बेअरिंग तापतं, ठासून भरायचं नसतं.

चार व्ही बेल्टपैकी एक तुटला तर चारही बदलायचे, एकटा नवीन बेल्ट सगळा लोड घेतो आणि लवकर जातो.

अंगावर काय आहे

हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली चेन, मनगटावरचा देवाचा दोरा, फिरत्या मशीनजवळ यातलं काही नको. दोऱ्याचं अवघड वाटतं माहितीये, तो सुट्टीच्या दिवशी बांधा किंवा शर्टाच्या आत दंडावर बांधा. मुलींनी केस टोपीत घ्या, ओढणी लॉकरमध्ये ठेवा. ड्रिल मशीन आणि लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, मोजा अडकला की हात ओढला जातो. हायड्रॉलिक होजला बारीक लीक असेल तर हात फिरवून शोधू नका, ते तेल चामडीच्या आत घुसतं आणि वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, पुठ्ठा धरून बघा. असं कोणाला झालं तर दुखत नसलं तरी त्याच मिनिटाला हॉस्पिटल. आणि दसऱ्याला पूजा झाल्यावर मशीनवरच्या झेंडूच्या माळा चालू करायच्या आधी काढा, शाफ्टमध्ये गुंडाळलेल्या बघितल्यात मी.

वही नसणं

वायर काढताना मोबाइलवर फोटो काढू असं वाटतं, पण टीटीसी (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा) आणि तळोज्याच्या बऱ्याच केमिकल कंपन्यांत मोबाइल गेटवरच जमा करायला लागतो. खिशात छोटी वही आणि पेन ठेवा. वायर काढायच्या आधी फेरूल नंबर (वायरच्या टोकावरचा नंबर), टर्मिनल नंबर आणि साधं चित्र काढा. त्याच वहीत रोज काय काम केलं ते चार ओळी लिहा, कंपनीच्या लॉगबुकवर सही घ्यायला आणि पुढे इंटरव्ह्यूला तीच कामाला येते.

यातूनच अजून एक कळतं. वहीत महिनाभर नुसतं "साफसफाई, स्टोअरमधून सामान आणलं" असंच लिहिलेलं दिसलं तर तुम्हाला शिकवत नाहीयेत. झाडू मारणं कमीपणाचं नाही, मेंटेनन्सला सगळे मारतात, पण ट्रेनिंगचा प्रोग्रॅम ठरलेला असतो आणि तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. आधी सुपरवायझर, मग एचआर, तरी नाही झालं तर तुमच्या आयटीआयच्या बीटीआरआय सेंटरला (अप्रेंटिसचं काम बघणाऱ्या ऑफिसला) जाऊन बोला. ओव्हरटाइमचं पण तसंच, अप्रेंटिसला ओव्हरटाइम लावायला अप्रेंटिसशिप अॅडव्हायझरची परवानगी लागते. आणि कामावर लागलं, कापलं, भाजलं तर लगेच फर्स्ट एडच्या रजिस्टरला नोंद करा, ट्रेनिंगमध्ये झालेल्या इजेची भरपाई कायद्यात आहे पण नोंदच नसेल तर कोण काय करणार.

पडलेलं सामान लपवणं

गिअरबॉक्स उघडलाय, हातातून नट सुटतो, आत पडतो, कोणी बघितलेलं नाही. ओरडा बसेल म्हणून पोरगा गप्प बसतो, कव्हर लागतं, मशीन चालू होतं. त्या एका नटाने गिअरचे दात जातात आणि लाइन आठवडाभर बंद राहते. म्हणून काम सुरू करताना पाने आणि नट-बोल्ट मोजून कापडावर मांडा, बंद करताना परत मोजा, आणि एक जरी कमी असेल तर कव्हर लावू देऊ नका, मोठ्याने सांगा. ओरडतील थोडं, पण मग तेच बॅटरी आणि मॅग्नेट घेऊन तुमच्याबरोबर शोधायला बसतील.