जाड भौमितिक फॉन्ट वापरताय? या चुका टाळा, आणि आधी ‘बेळगाव’ लिहून पाहा

गेल्या काही वर्षांत बेळगावात खडेबाजारापासून शहापूरपर्यंतच्या पाट्यांवर जाड, गोलाला गोल आणि रेघेला रेघ अशी अक्षरं पावलोपावली दिसू लागली आहेत. मला ती मनापासून आवडतात. पण चुकीच्या हातात तीच अक्षरं नुसते काळे ठोकळे होतात.

माझ्याकडूनही तसं झालं. एका गणेश मंडळाच्या स्वागत कमानीसाठी सगळ्यात जाड वजनाचा (वजन म्हणजे अक्षराच्या रेघेची जाडी) फॉन्ट घेतला. स्क्रीनवर झकास दिसत होता. कमान उभी राहिली आणि रस्त्यापलीकडून ‘बेळगाव’चं ‘वेळगाव’ झालेलं दिसलं. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ जाडीत बुडाली होती. स्वतःच्या गावाचं नाव चुकीचं वाचलं जाणं मला फार लागलं.

म्हणून आता कोणताही जाड फॉन्ट घेतला की पहिल्यांदा ‘बेळगाव’ टाइप करतो. यात ‘ब’ आणि ‘व’ दोन्ही आहेत, ‘ळ’ची दोन पोटं आहेत आणि ‘ग’चा दांडा सुटा आहे. मग शब्द अंगठ्याच्या नखाएवढा करून हातभर अंतरावरून बघायचा. पोटातला पांढरा भाग दिसला तर फॉन्ट चालेल. नाही दिसला तर एक वजन खाली उतरा, म्हणजे ‘ब्लॅक’ऐवजी ‘बोल्ड’ घ्या. ‘ष’ आणि ‘प’चंही हेच दुखणं आहे. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यात शिरोरेषेतली फट बुजते.

दुसरी परीक्षा ‘खानापूर’. ‘ख’चे दोन भाग खाली जोडलेले नसले तर ‘रवानापूर’ वाचलं जातं. तिसरी ‘यळ्ळूर’. एकाखाली एक ‘ळ’ आणि त्याखाली दुसरा उकार, एवढं ओझं सगळे फॉन्ट पेलत नाहीत. कुठे पाय मोडलेला ‘ळ्’ तसाच उघडा पडतो, कुठे उकार खालच्या ओळीत घुसतो. तेव्हा ओळींमधलं अंतर वाढवा, अक्षर चेपू नका.

चेपणं आणि ताणणं ही आपल्याकडची सगळ्यात मोठी सवय. जागा रुंद आहे म्हणून शब्द आडवा ओढला की उभे दांडे जाड होतात, आडव्या रेघा तेवढ्याच राहतात आणि वर्तुळाचा अंडाकार होतो. भौमितिक अक्षराची सगळी शान त्या गोलात असते, तीच जाते. मूळ अक्षर रेखाटतानासुद्धा कंपासचा गोल जसाच्या तसा ठेवून भागत नाही. पॉल रेनर यांचा 1927 चा फ्युचुरा हा या शैलीतला गाजलेला रोमन फॉन्ट, पण त्यातही डोळ्याला सम वाटावं म्हणून जाडीत बारीक फेरफार आहेत. देवनागरीत हे जास्तच लागतं. ‘व’चा गोल दांड्याला मिळतो तिथे रेघ थोडी बारीक केली नाही, तर सांध्यावर काळा डाग बसतो.

‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट मुद्दाम इतका फुगीर केलाय की पोटाच्या जागी पांढऱ्या चिराच उरतात. मिठाईच्या दुकानाच्या नावाला तो शोभून दिसेल, पण त्याच फॉन्टमध्ये पत्ता आणि फोन नंबर लिहू नका.

आता छपाईच्या अडचणी. विनाइल कापताना शिरोरेषेवर चिरा पडत असतील, तर दोष प्लॉटरचा, म्हणजे कापणाऱ्या यंत्राचा नाही. अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात. कर्व्ह केल्यावर, म्हणजे अक्षरांचे आकार बनवल्यावर, ते ‘वेल्ड’ करायचं, म्हणजे जोडून एकसंध करायचं राहिलेलं असतं. जाड बॉर्डर दिल्यावर शब्दाच्या आत रेघा दिसतात, त्यालाही हाच इलाज. शिरोरेषाच तुटली असेल तर कुणीतरी इंग्रजीसारखं अक्षरांतलं अंतर वाढवलंय, ते शून्यावर आणा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटत असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर नव्या फॉन्टमध्ये तसाच आणलात तर कचराच उमटणार. आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग ‘ऱ्या’, ‘श’ आणि ‘ल’ तपासा. ‘शहापूर’चा ‘श’ हिंदी वळणाचा आला तर मजकुराची भाषा मराठी करून बघा. फॉन्टमध्ये सोय असेल तर वळण बदलतं.

शेवटचा मुद्दा आपल्याच भागातला. 2024 च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीचा 60 टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो. उरलेल्या 40 टक्क्यांत मराठी आणि इंग्रजी बसवायचं. अशा वेळी मराठी ठसठशीत दिसावं म्हणून लोक सगळ्यात जाड वजन निवडतात आणि कमी उंचीत ते आणखीच बुजतं. साधारण एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून सहज वाचता येतं असा कारागिरांचा अंदाज असतो. आपल्या अक्षरांना वर मात्रा, खाली उकार असतात, म्हणून ती उंची मुख्य अक्षराची धरा, पूर्ण ओळीची नको.

कन्नड आणि देवनागरी दोन्ही लिप्या एकाच फॉन्ट-कुटुंबातल्या घेतल्या तर पाटी एका हातची वाटते. ‘अनेक’ नावाच्या फॉन्टमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत, ‘बालू’ या देवनागरी फॉन्टला ‘बालू तम्मा’ हा कन्नड भाऊ आहे. मात्र दोन्हीला सारखाच पॉइंट साइज देऊन थांबू नका. कन्नडची गोलाई आणि खालचे ओत्तू (जोडाक्षरात खाली लिहिली जाणारी अक्षरं) वेगळी जागा मागतात, म्हणून दोन्ही ओळी शेजारी ठेवून डोळ्यांनी जुळवा. मराठीसाठी मी बहुतेक वेळा एक वजन हलकं घेतो. त्याच 40 टक्क्यांत ‘बेळगाव’मधला ‘ब’ रस्त्यापलीकडून ‘ब’च दिसतो.