किचनची शटर्स घरी रंगवताय? या चुका टाळा

शटरचा रंग सुटला की पहिला दोष डब्याला दिला जातो. कुणी म्हणतं कंपनी बदला, कुणी म्हणतं महागातला घ्या, आणि त्याच चिकट शटरवर दुसरा डबा रिकामा होतो. मी सगळ्यांना एकच सांगते: सुटलेला पापुद्रा हातात घ्या आणि उलटा करून बघा. मागची बाजू पिवळसर, ओशट लागली तर धुणं कमी पडलं. गुळगुळीत आणि स्वच्छ असेल तर घासलंच नव्हतं. पापुद्र्याला आणि शटरला दोन्हीकडे प्रायमरची, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराची, भुकटी लागली असेल तर प्रायमर फार पातळ केला होता, नाहीतर दमट हवेत मारला होता. कारण कळल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

न धुता घासायला घेणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. आपल्याकडे रोज फोडणी बसते, तळण होतं. ती वाफ गॅसच्या वरच्या शटर्सवर, हँडलभोवती आणि शटरच्या वरच्या कडेवर बसते, हळूहळू घट्ट होते आणि डोळ्यांना दिसेनाशी होते. अशा शटरवर आधी पॉलिश पेपर फिरवला की तो मेणचट थर निघत नाही. पेपरने पडलेल्या बारीक ओरखड्यांत तो आणखी दाबला जातो. म्हणून धुणं आधी, घासणं नंतर. हा क्रम बदलायचा नाही.

डोंबिवलीला माझ्या मावसबहिणीकडे हेच झालं. भाच्याने हौसेने सगळं किचन रंगवलं, घासणंही मनापासून केलं होतं. महिन्याभरात गॅसच्या वरच्या शटर्सवर फुगे आले आणि नखाने ओढलं तर वीतभर पट्टी निघून यायला लागली. फ्रीजच्या बाजूची शटर्स मात्र त्याच डब्यातली, त्याच दिवशी रंगवलेली, आणि धडधाकट. तरी दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचा प्रायमर गळ्यात मारला होता. मी पापुद्रा उलटा करून ताईच्या हातात दिला. मागून चिकट, आणि वास सरळ तळणाच्या तेलाचा. सगळं खरवडून धुवायला घेतलं तेव्हा दुसऱ्या धुण्याचं पाणीसुद्धा चहाच्या रंगाचं निघालं. नवा प्रायमर त्यानंतरही उघडावा लागला नाही. जुनाच पुरला आणि पक्का बसला.

धुण्यासाठी कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड. हट्टी थराला लिटरभर पाण्यात चमचा-दोन चमचे धुण्याचा सोडा, हातात मोजे घालून. नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसायचं, कारण मागे राहिलेला सोडाही रंग धरू देत नाही. फडकं घट्ट पिळूनच वापरा. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या, कडेत पाणी गेलं की ती फुगते आणि परत बसत नाही. शटर वाळल्यावर मी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून बघते. तो नीट धरत नसेल तर रंगही धरणार नाही, पुन्हा धुवायचं.

सनमायक्यावर लाकडाचा प्रायमर

वुड प्रायमर कोऱ्या लाकडासाठी असतो, तो लाकडात मुरतो. सनमायक्यात काहीच मुरत नाही. त्याची चमक १८० किंवा २२० नंबरच्या पेपरने पूर्ण मारावी लागते. खोल घासायचं नाही, पण तिरक्या उजेडात बघितलं तर एकही चकाकणारा ठिपका राहता कामा नये. त्यावर लॅमिनेटला, म्हणजे सनमायक्याला, धरणारा प्रायमर घ्या, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. आधी सिंकखालच्या शटरच्या आतल्या बाजूला लावा, पुरता वाळू द्या, ब्लेडने फुली मारून त्यावर टेप दाबा आणि झटक्यात ओढा. रंग टेपबरोबर आला तर बाकीची शटर्स वाचली.

‘घासायची गरजच नाही’ सांगणाऱ्या व्हिडिओंचा मला मनापासून राग येतो. ते रंगवून झालेल्या दिवशी चित्रित होतात. एका पावसाळ्यानंतरची शटर्स त्यात कुणी दाखवत नाही, आणि नवीन माणसाचे पैसे आणि सुट्टी दोन्ही जातात.

वाळला म्हणजे झाला असं समजणं

ऑइल पेंट काही तासांत हाताला कोरडा लागतो, पण कडक व्हायला दोन ते चार आठवडे घेतो. मधल्या दिवसांत तो मऊच असतो. या काळात शटर घट्ट बंद ठेवलं की रंग चौकटीला चिकटतो आणि उघडताना सोलून निघतो. गरम कुकर टेकला तर डाग कायमचा. दिवाळी चार दिवसांवर आल्यावर काम काढणारी घरं मी दरवर्षी बघते, आणि पाडव्यापर्यंत तिथे शटर्स चिकटलेली असतात. दिवाळी आटोपू द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची कोरडी हवा या कामाला उत्तम. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, चकचकीत रंगावर धुरकट झाक येते.

माझी पद्धत अशी: पातळ दोन हात, मध्ये पूर्ण रात्र, आणि दुसऱ्या हाताआधी ३२० नंबरच्या पेपरने हलकं घासणं. जाड एक हात मारून वेळ वाचत नाही. वरची साय वाळते आणि आतला रंग ओलाच राहतो.

बाकीच्या, थोडक्यात

भिंतीची पुट्टी शटरवर लावू नका, तडकते. भिंतीचा इमल्शनही नको, पुसून पुसून जातो.

ऑइल पेंटमध्ये एनसी थिनर, म्हणजे लॅकरचा जहाल थिनर, घालू नका. खालचा हात सुरकुततो. टर्पेंटाइन वापरा, तेही डब्यावर लिहिलंय तेवढंच.

बिजागऱ्या रंगवू नका. शटर उतरवा, प्रत्येकाच्या बिजागरीच्या खाचेत नंबर लिहा आणि चौकटीवर तोच नंबर टेपवर लिहून चिकटवा. स्क्रू त्या-त्या नंबरच्या पुडीत.

पांढरा ऑइल पेंट कपाटाच्या आत, अंधारात, लवकर पिवळा पडतो. पांढराच हवा असेल तर पाण्यावरचा इनॅमल घ्या.

मेम्ब्रेनच्या, म्हणजे वरून प्लास्टिकची फॉइल चढवलेल्या, शटरची फॉइल सुटायला लागली असेल तर तिच्यावर रंगवू नका, पूर्ण काढा. सिंकखाली फुगलेला पार्टिकल बोर्ड मात्र कुठल्याच रंगाने वाचत नाही, तो बदलावाच लागतो.

जिवाशी खेळ नको

टर्पेंटाइन आणि थिनरची वाफ पेट घेते. शटर्स गॅलरीत किंवा गच्चीवर नेऊन रंगवा. चौकट आतच रंगवावी लागते, तेव्हा रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि वास पूर्ण जाईपर्यंत गॅस पेटवायचा नाही. दोन डब्यांचा पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा पॉलियुरेथेन रंग, घरी स्प्रे करू नका. त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात, साध्या कापडी मास्कने ते अडत नाहीत.

जुन्या वाड्यातलं, आजीच्या काळातलं रंगवलेलं फडताळ असेल तर कोरडं घासूच नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार बाधते. वॉटर पेपर ओला करून घासा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवा, ताटं-भांडी आधीच बाहेर काढा. खाली पडलेली धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने उचला आणि फडकं टाकून द्या.

शटर्स परत बसवल्यावर चौकटीच्या कोपऱ्यांत रबरी टिकल्या लावा आणि महिनाभर फक्त ओल्या मऊ फडक्याने पुसा. उरलेला रंग लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत साय कमी धरते. हँडलजवळचा टवका उडाला की तोच कामी येतो.