छप्पर उतरवण्याआधी अंगण सावरा: कौलं चाळताना होणाऱ्या या चुका टाळा

एप्रिल उजाडला की कोकणात घरोघरी कौलं चाळायचं, म्हणजे उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवायचं, बोलणं सुरू होतं. सुतार कधी येणार, रिपांना, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांना, वाळवी कुठवर लागलीय, कौलं किती बदलावी लागतील. या धांदलीत भिंती, अंगण, झाडं, विहीर यांची आठवण कुणालाच होत नाही. ती होते काम संपल्यावर, वृंदावनाचा कोपरा उडालेला दिसला की.

रत्नागिरीकडचं आमचं घर मी आजवर तीनदा शाकारून घेतलं आहे. पहिल्या खेपेला आजीच्या हातचं अनंताचं झाड गेलं, दुसऱ्या खेपेला ओटीच्या लाद्यांवर गंजाचे डाग पडले. तिसऱ्या खेपेला काही गेलं नाही, कारण पहिलं कौल हलवण्याआधी मी सुताराला घेऊन घराभोवती एक फेरी मारली. वरून काय काय खाली येणार आणि ते कुठे पडणार, एवढंच त्या फेरीत ठरवलं.

कौलं कुठे रचायची, हे आधी न ठरवणं

एक मंगलोरी कौल अडीच ते तीन किलोचं असतं. हजार चौरस फुटांच्या छपरावर अशी चौदाशे-पंधराशे कौलं बसतात. म्हणजे साडेतीन-चार टन वजन तुमच्या अंगणात उतरणार आहे. जागा सांगितली नाही तर गडी ती सावलीत रचतात, आणि सावली असते आंब्याच्या नाही तर फणसाच्या बुंध्याशी. झाडाची अन्न-पाणी ओढणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या हात-दीड हातातच असतात. महिनाभर कौलांचा भार, वर टेंपोच्या फेऱ्या, यांनी तिथली माती दाबून दगडासारखी होते. झाड लगेच काही बोलत नाही. पुढच्या वर्षी मोहोर कमी येतो, शेंड्याकडच्या फांद्या वाळतात, आणि तोवर कौलांचा विषय आपण विसरलेले असतो.

कौलं रचायची ती खळ्यात किंवा गडग्याच्या कडेला, झाडाच्या पसाऱ्याबाहेर. आडवी थप्पी लावू नका, खालची दबून फुटतात. उभी, एकमेकांना टेकवून रचा. छपरावरून खाली फेकू तर अजिबात देऊ नका. एक माणूस छपरावर, एक शिडीवर, एक खाली, अशी हातोहात उतरवली तर वेळ थोडा जास्त लागतो, पण कौलंही वाचतात आणि खालची फरशीही. उतरवायच्या जागी पेंढ्याचा जाड थर घातला की एखादं कौल हातातून सुटलं तरी लादीला टवका उडत नाही. फुटक्या कौलांची खापरं मात्र एका बाजूला साठवा, टाकून देऊ नका. शेवटी त्यांचं काम आहे.

झाडांवर प्लास्टिक टाकून निर्धास्त होणं

आमचा अनंत याच चुकीनं गेला. छपराच्या वळचणीखालीच तो होता, चांगला माणूसभर उंचीचा. धूळ-माती नको म्हणून मी त्यावर निळी ताडपत्री घातली, खाली चार चिरे ठेवून कडा पक्क्या दाबल्या आणि कामाला लागलो. मे महिना होता. चौथ्या दिवशी ताडपत्री उचलली तर आतून वाफ अंगावर आली. पानं उकडलेल्या भाजीसारखी लोळागोळा झाली होती, कळ्या हात लावताच गळत होत्या. पावसाळ्यात बुंध्यातून दोन फुटवे आले, पण तेही तगले नाहीत.

मे महिन्यातल्या उन्हात ताडपत्रीखाली झाड उकडून निघतं. झाकायचं तर शेडनेट, जुनी सुती लुगडी किंवा गोणपाट वापरा, आणि तेही थेट झाडावर न टाकता चार बांबू रोवून वर मांडवासारखं ताणून. हवा खेळली पाहिजे. संध्याकाळी काम थांबलं की झाकण काढा, पानांवर पाण्याचा फवारा मारा. धुळीनं माखलेली पानंही झाडाला गुदमरवतात. कुंड्या असतील तर प्रश्नच नाही, पहिल्या दिवशीच उचलून परसात न्या.

छपरावर आलेल्या आंब्याच्या फांद्यांबद्दल एक सांगतो. सुतार आड येणारी फांदी कोयत्यानं दोन घावांत तोडतो, साल खालपर्यंत सोलून निघते आणि पावसात तीच जखम कुजते. फांदी आपण स्वतः आधी करवतीनं काढून घ्यावी आणि कापावर बोर्डो पेस्ट लावावी: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. झाडं कमी असतील तर त्याच प्रमाणात थोडी करा, पण मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नका.

भिंती, लाद्या आणि ग्राइंडरच्या ठिणग्या

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात कौलं पत्त्यांसारखी उडाली. त्यानंतर लाकडी वाशांच्या जागी लोखंडी पाइप आणि कौलांच्या जागी रंगीत पत्रे घेण्याकडे बऱ्याच जणांचा कल झाला. त्यात चूक काही नाही, पण या कामाबरोबर वेल्डिंग आणि ग्राइंडर अंगणात येतात. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापलेल्या लोखंडाचा कण. तो काचेवर पडला तर काचेत रुततो, मग कितीही पुसा, खरखर जात नाही. लादीवर पडला तर पहिल्या पावसात तिथे तांबडा ठिपका उमटतो. नव्याकोऱ्या पत्र्यावर पडला तर रंग जाळून आत बसतो आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते.

म्हणून पत्रा छपरावर नेऊन ग्राइंडरनं कापू देऊ नका. कापायचा तो खाली, घरापासून लांब, आणि जमलं तर पत्रा कापायच्या कात्रीनं. खिडक्यांना पुठ्ठे बांधा, गाडी दुसरीकडे लावा, लाद्यांवर ओलं गोणपाट पसरा. स्क्रू मारताना पडणारा कीस रोज संध्याकाळी मऊ झाडूनं पत्र्यावरून काढायला लावा. रात्री दव पडलं की सकाळी तो गंजलेलाच सापडतो.

वृंदावनाला मी चारही बाजूंनी फळ्या उभ्या करून सुंभानं बांधतो, वर एक आडवी फळी. तुळस तेवढे दिवस कुंडीत काढलेली बरी. शिडी चुन्याच्या भिंतीला टेकवताना वरच्या टोकांना गोणपाट गुंडाळा, आणि पन्हळीला शिडी कधीच टेकवू देऊ नका.

विहीर उघडी ठेवणं

कौलं चाळताना वर्षानुवर्षांची धूळ, शेवाळ, पाखरांची घरटी, वाळवीची माती, सगळं खाली येतं. विहीर घरालगत असेल तर आधी बारीक जाळी आणि वर कापड घालून कठड्याला घट्ट बांधा. पाणी रोज लागतं, त्यामुळे एक कोपरा उघडझाप करता येईल असा ठेवा.

खिळ्यांचंही तसंच. जुन्या रिपांतून निघालेले खिळे आणि चुका (बारीक खिळे) मातीत मिसळतात आणि पुढे वर्षभर चपलेतून, टायरमधून वर येतात. गाय-वासरू चरत असेल तर धोका आणखी मोठा. मी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक कापडी पिशवीत घालून दोरीनं अंगणभर ओढतो. रोज दहा मिनिटं. पिशवी उलटी केली की खिळे सुटून पडतात. पहिल्या दिवशी ओंजळभर निघाले होते.

जुने सिमेंटचे पत्रे निघत असतील तर जास्त जपा. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि त्यांची धूळ श्वासातून आत गेली की फुप्फुसांचे गंभीर आजार, कर्करोगसुद्धा होऊ शकतो. पत्रे पाण्यानं भिजवा, अख्खे उतरवा, हातोड्यानं फोडू नका, कोरडे झाडू नका. वाफ्याला कड म्हणून किंवा पायवाटेखाली भर म्हणून त्यांचे तुकडे वापरण्याची पद्धत गावोगाव दिसते. कृपा करून ते करू नका, मुलं तिथेच खेळतात.

सिमेंटचं पाणी झाडांत सोडणं

आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्यावरची कौलं, सिमेंटात बसवले की घमेली, थापी धुवायला गवंडी सगळ्यात जवळचं आळं शोधतो. सिमेंटचं पाणी कडक अल्कधर्मी असतं. आपली जांभ्याची माती मुळात आंबट, आणि अनंत, एक्झोरा यांना तीच मानवते. धुण्यासाठी आगराबाहेर एक खड्डा खणून द्या आणि तो गवंड्याला बोटानं दाखवा.

तरीही पाणी गेलंच, तर कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, अशी खूण दिसू लागते. वरची दोन-तीन बोटं माती खरवडून काढा, कुजलेल्या पाल्याचं खत घाला आणि बादलीभर पाण्यात चमचाभर हिराकस विरघळवून बुंध्याशी द्या. हे पाणी लादीवर सांडू देऊ नका, डाग पडतो.

गंजाचे डाग सिरॅमिक लादीवर असतील तर लिंबू-मीठ लावून तासाभरानं घासले की फिके होतात. शहाबादी फरशीवर मात्र लिंबू नको आणि ॲसिड तर नकोच. ती चुनखडीचा दगड आहे, तिची झिलई कायमची जाते. चुन्याच्या गिलाव्याचंही तेच.

सगळं छप्पर एकदम उघडणं

मुंबईत मॉन्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजी आला, आणि त्याआधीच्या आठवड्यात कोकणात पावसानं झोडपलं होतं. मातीच्या भिंतीचा जीव तिच्या माथ्यात असतो. माथा भिजला की पाणी आत उतरतं आणि भिंत पोटातून फुगते, गिलावा सुटतो, कधी अख्खा भाग बसतो. एका वेळी छपराची एकच पाखी (उतरती बाजू) उघडा, ती झाकल्याशिवाय दुसरीला हात लावू देऊ नका, आणि ताडपत्री घरात आणून ठेवा. ढग आल्यावर बाजारात धावून उपयोग नसतो. काम एप्रिलमध्येच उरकलं तर उत्तम.

पागोळ्यांची रेघ बदलते, ते न बघणं

याकडे जवळपास कुणीच लक्ष देत नाही. नव्या छपराची वळचण चार-सहा इंच पुढे-मागे होतेच. पत्रा असेल तर पाणी कौलांपेक्षा वेगानं सुटतं आणि लांब पडतं. वर्षानुवर्षं पागोळ्या जिथे पडत होत्या तिथली जमीन घट्ट झालेली असते, नव्या जागी तुमची अबोली असते. पहिल्याच मोठ्या सरीत वाफ्यात चर पडतो, मुळं उघडी होतात आणि लाल चिखल उडून भिंत गुडघाभर रंगते.

काम संपल्यावर छपरावर नळीनं पाणी सोडा, कुठे पडतं ते बघा आणि त्या रेषेवर वीतभर रुंद चर खणा. आता ती साठवलेली खापरं काढा आणि ठेचून चरात भरा. पहिला मोठा पाऊस आला की छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. जिथे खापरांच्या पलीकडे माती उडताना दिसेल, तिथे दुसऱ्या दिवशी चर आणखी वीतभर वाढवा.